वाफा गच्चीवर, पाय जमिनीवर

होळी झाली की मंडईतल्या पालेभाज्यांचा थाट उतरू लागतो. थंडीभर हिरवीगार आणि स्वस्त असलेली मेथी निबर होते, पालकाची पाने पिवळी पडतात, कोथिंबिरीच्या जुडीचा भाव दर आठवड्याला वर सरकतो. नेमक्या याच दिवसांत शहरांमध्ये घरी भाजी पिकवण्याची हौस उफाळून येते. रोपवाटिकांमध्ये गर्दी होते, कुंड्या, पिशव्या, कोकोपीटच्या विटा खपू लागतात आणि सोसायटीच्या गटावर कोणीतरी आपल्या गच्चीवरच्या पहिल्या मुळ्याचा फोटो टाकतो. या हौसेमागे काळजीही असते. भाजीवर कोणते औषध किती दिवस आधी फवारले, ती कोणत्या पाण्यावर वाढली, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. रेल्वेरुळांलगत नाल्याच्या पाण्यावर वाढलेल्या भाजीचे मळे पाहिलेल्या मुंबईकराला ही भीती कोणी समजावून सांगायला नको.

म्हणून घरी वाफा करण्याच्या कल्पनेचे स्वागतच करायला हवे. मात्र या हौसेबरोबर तीन समजुती घरात शिरल्या आहेत. घरचे ते शुद्ध, घरचे ते पुरेसे आणि घरचे ते औषधी. या तिन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या आहेत आणि आरोग्याच्या बाबतीत अर्धे खरे कधी कधी महागात पडते. वाफा जरूर करावा, पण त्याच्याकडून काय मागायचे आणि काय मागायचे नाही, हे आधी ठरवावे. आणि घरच्या वाफ्याला सुरक्षित करण्यासाठी लागणाऱ्या काही गोष्टी एकट्यादुकट्या घराच्या हातात नसतात; त्या आपण महापालिकेकडे मागितल्या पाहिजेत, हा या लेखाचा मुद्दा आहे.

परसातून गच्चीवर

घराच्या मागे भाजी पिकवणे आपल्याला नवे नाही. परस हा शब्दच त्याची साक्ष देतो. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेले अळू, विहिरीजवळचा कढीपत्ता, कुंपणावर चढलेली तोंडली किंवा मायाळू, कोपऱ्यातला शेवगा आणि गवती चहाचे बेट हा त्याचा ठरलेला संसार होता. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे खायचे नाही, म्हणून हाताने लावलेल्या भाज्यांची मिसळ करायची, ही प्रथा या परसावरच उभी होती. कोकणात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी होते, तीही दारच्याच झाडाची. या झाडांचे वैशिष्ट्य असे, की त्यांतली बहुतेक बारमाही किंवा अनेक वर्षे टिकणारी आहेत. एकदा लावावीत आणि वर्षानुवर्षे खुडत राहावीत.

शहरात परस गेले आणि गच्ची आली. गच्चीवर शेती करता येते, हे आपल्याकडे अनेकांनी करून दाखवले आहे. कोल्हापूरचे गणिताचे शिक्षक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून थोड्या जागेत, घरातल्या ओल्या कचऱ्यावर आणि पालापाचोळ्यावर पीक घेण्याचे गणित सामान्य माणसापर्यंत नेले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर त्याच स्वयंपाकघराच्या कचऱ्यातून भाज्या आणि फळझाडे उभी राहिली. या प्रयोगांचा भर महागड्या साहित्यावर नव्हता. उसाची चिपाडे, वाळलेली पाने, भाज्यांची देठे यांवर होता. आज हजारो रुपयांचे तयार संच विकत घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

गादीवाफा म्हणजे जमिनीच्या पातळीपेक्षा वर उचललेला वाफा. शेतकरी रोपे तयार करण्यासाठी तो पिढ्यान् पिढ्या करत आला आहे. वाफा उंच असला की पाणी साचत नाही, मुळांना हवा मिळते, माती पायाखाली तुडवली जात नाही आणि भुसभुशीत राहते. घरच्या वाफ्याला कडेने विटा, फळ्या किंवा पत्रा लावून चौकट केली की मातीचे मिश्रण आपल्याला हवे तसे ठेवता येते. रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो. एका बाजूला भिंत असेल, तर दोन फूट पुरे. गुडघेदुखी असणाऱ्या आजी-आजोबांसाठी दोन-सव्वादोन फूट उंचीच्या टेबलासारख्या चौकटीवर उथळ वाफा केला, तर वाकावे लागत नाही. वयस्कर माणसाला रोज अर्धा तास उन्हात, हालचाल करत राहण्याचे कारण मिळते, हा वाफ्याचा फायदा भाजीपेक्षाही मोठा असू शकतो.

पिकते किती?

आता ‘पुरेसे’ या समजुतीचा हिशेब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने रोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खावीत. चार जणांच्या घराला महिन्याला ४८ किलो भाजी लागेल. शेतात मेथीचे उत्पादन हेक्टरी सात-आठ टन धरले जाते, म्हणजे एका चौरस मीटरला पाऊण किलोच्या आसपास. एक मीटर बाय दोन मीटरच्या वाफ्यात महिनाभराने दीड किलो मेथी मिळेल. पालक जरा जास्त देतो, शिवाय दोन-तीन वेळा कापता येतो. तरीही असा एक वाफा घराच्या भाजीच्या गरजेतला फार तर तीन-पाच टक्के वाटा उचलतो. ‘भाजीवाल्याकडे जाणे बंद झाले’ असे सांगणाऱ्यांची एक तर गच्ची फार मोठी असते किंवा ते भाजी फार कमी खातात.

मग वाफा कशासाठी? ताज्या पाल्यासाठी. पालेभाजी खुडल्या क्षणापासून तिच्यातले क जीवनसत्त्व घटू लागते आणि उन्हात, उघड्या गाडीवर हा वेग वाढतो. फोलेट हे जीवनसत्त्वही साठवण आणि जास्त शिजवण्याने कमी होते. वाफ्यातून खुडलेली मूठभर पाने दहा मिनिटांत पातेल्यात पडतात, तेव्हा हा तोटा टळतो. दुसरी गोष्ट सवयीची. कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, गवती चहा, ओव्याची पाने हाताशी असली, की ती रोजच्या जेवणात सहज पडतात. जुडी आणायची, निवडायची, अर्धी फ्रिजमध्ये सडायची, हा प्रकार होत नाही. अन्नाला वास आणि चव पाल्याने आली, तर मीठ आणि तेलाचा हातही थोडा आवरता येतो. ज्यांना रक्तदाब आहे, त्यांच्यासाठी हा लाभ लहान नाही.

रक्तक्षयाचा प्रश्न इथे येतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला; आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. त्यावर ‘घरचा पालक खा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. पालकात लोह आहे, पण त्यातले फार थोडे शरीराला मिळते. वनस्पतींमधले लोह मुळातच कमी शोषले जाते. लिंबू, आवळा, कैरी, टोमॅटो यांच्या जोडीने हे शोषण वाढते, तर जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने ते कमी होते. म्हणून वाफ्यातल्या मेथी-माठावर लिंबू पिळावे आणि चहा तासभर लांब ठेवावा. पण डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या ‘आता घरची भाजी आहे’ म्हणून कोणी बंद करू नयेत. गरोदर स्त्रीने तर मुळीच नाही.

लावावे काय आणि केव्हा

इंटरनेटवरचे बागकामाचे वेळापत्रक बहुधा युरोप-अमेरिकेतले असते. तिथे वसंतात बर्फ वितळतो आणि लेट्यूस, पालक, मुळा, मटार पेरले जातात. आपला वसंत म्हणजे उन्हाळ्याचा उंबरठा. चैत्रात पेरलेला पालक आणि मेथी वाढलेल्या दिवसाने आणि उष्णतेने पाने धरण्याआधीच फुलावर येतात. धने तापलेल्या मातीत नीट उगवत नाहीत. थंड हवेतल्या या भाज्यांची पेरणी आपल्याकडे दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत टप्प्याटप्प्याने करावी, दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी, म्हणजे होळीपर्यंत पुरतात. वसंतासाठी आपल्या भाज्या वेगळ्या आहेत. तांबडा माठ, राजगिरा, चवळई, अंबाडी, मायाळू आणि घोळ. या ऊन सोसतात. माठ महिन्याभरात खुडायला येतो. घोळ तर न पेरताही कुंडीत उगवतो आणि आपण तण म्हणून उपटून टाकतो.

बारमाही झाडांतही हाच न्याय लावावा. रोझमेरी, थाईम, लॅव्हेंडर या भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या हवेतल्या वनस्पती. पुण्या-नाशिकच्या हवेत निचरा चांगला असेल तर तग धरतात. रत्नागिरीच्या पावसात मात्र त्यांची मुळे कुजतात. त्यापेक्षा गवती चहा, कढीपत्ता, पुदिना, ओव्याची पाने, तुळस, आले, हळद, अळू, मायाळू ही मंडळी लाभाची. पुदिन्याला वाफ्यात मोकळे सोडू नये. तो जमिनीखालून पसरतो आणि शेजाऱ्यांना जगू देत नाही. त्याला वेगळी पसरट कुंडी द्यावी. गवती चहाचे बेट दोन-तीन वर्षांनी खणून वेगळे करून लावावे. कढीपत्त्याचा शेंडा खुडत राहिले की तो फुटवे धरतो. अळू शिजवताना चिंच किंवा आमसूल घालण्याची आजीची रीत मोडू नये. त्यातल्या ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांनीच घशाला खाज येते. बारमाही झाडांना वाफ्याची एक बाजू कायमची द्यावी आणि हंगामी भाज्यांची जागा दर हंगामात बदलावी, म्हणजे त्याच जागी तीच कीड ठाण मांडत नाही.

गच्चीला वजन पेलते का?

हा प्रश्न बागकामाच्या उत्साहात बहुधा कोणी विचारत नाही. भारतीय मानक आयएस ८७५ नुसार लोकांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीचा आराखडा चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो चल भार धरून केला जातो. कोजागरीला जमणारी माणसे, खुर्च्या, सगळे त्यात आले. आता एक फूट खोल वाफ्यात साधी माती भरली आणि पावसाने ती चिंब झाली, तर तिचे वजन चौरस मीटरला ५०० किलोंच्या पुढे जाते. म्हणजे आराखड्यात धरलेल्या भाराच्या तिप्पट, आणि तोही वर्षभर, न हलणारा. जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर गळती, गंजलेल्या सळया आणि सुटलेले प्लास्टर आधीच असते, हे विसरून चालणार नाही.

उपाय आहेत. पालेभाज्यांची मुळे उथळ असतात. त्यांना सात-आठ इंच खोली पुरते. मिश्रणात मातीचा वाटा एक तृतीयांशापेक्षा कमी ठेवावा आणि बाकी कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा, कंपोस्ट, उसाची चिपाडे घालावीत. रसवंतीवाल्याकडे चिपाडांचा ढीग पडलेलाच असतो. असे मिश्रण ओले झाले तरी आठ इंचाला चौरस मीटरमागे साधारण दीडशे-पावणेदोनशे किलो भरते. म्हणजे हेही काठावरचेच. म्हणून गच्चीभर वाफे घालू नयेत. ते तुळयांच्या आणि खांबांच्या रेषेत, मध्ये मोकळी जागा सोडून ठेवावेत. चौकट स्लॅबवर थेट न टेकवता विटांवर उचलावी, म्हणजे खालून हवा खेळते आणि पाणी वाहून जाते. आणि एकदा संरचना अभियंत्याला विचारावे. जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करावेच लागते. त्याच वेळी गच्चीवरच्या वाफ्यांचा प्रश्न कार्यकारिणीने लेखी विचारून घ्यावा. सोसायट्यांमधले निम्मे भांडण त्या एका कागदाने मिटेल.

मातीत काय आहे?

‘घरचे ते शुद्ध’ ही समजूत सर्वांत जास्त जिथे डळमळते, ती जागा म्हणजे माती. पेट्रोलमधले शिसे आपल्याकडे २००० साली थांबले. पण शिसे कुजत नाही, उडून जात नाही. वर्दळीच्या रस्त्यांकडेच्या मातीच्या वरच्या थरात ते दशकानुदशके पडून राहते. घरगुती रंगांतल्या शिशाला दशलक्षात ९० भागांची मर्यादा घालणारा नियम २०१६ साली निघाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. त्याआधीच्या दारांवर, गजांवर, कठड्यांवर चढवलेले रंग आजही पापुद्रे होऊन कुंड्यांत पडतात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात चिंता वाटावी इतके शिसे असल्याचा अंदाज होता. भारतात ही संख्या सुमारे २७.५ कोटी सांगितली गेली. शिशाची कोणतीही पातळी मुलांसाठी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो आणि झालेले नुकसान भरून निघत नाही.

इथे गादीवाफा खरोखर उपयोगी पडतो. संशयास्पद जमिनीवर थेट लावण्याऐवजी वर चौकट करून चांगली माती आणि खत भरले, की मुळांचा आणि खालच्या मातीचा संबंध तुटतो. पण भरायची माती कुठून आली? पायाच्या खोदकामातून, पाडलेल्या वाड्याच्या राडारोड्यातून, की नाल्याच्या गाळातून? ट्रकने ‘लाल माती’ टाकून जाणारा याचे उत्तर देत नाही. चौकटीसाठी जुन्या रंगवलेल्या फळ्या, रसायनांचे पिंप, टायर वापरू नयेत. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर दिसायला भक्कम असतात, पण त्यांत क्रिओसोट मुरवलेले असू शकते. वाफ्यात सेंद्रिय खत भरपूर असावे. आम्लधर्मी मातीत शिसे जास्त विरघळते, तर कंपोस्ट त्याला धरून ठेवते. पानांवर बसणारी धूळ हा शिशाचा आणखी एक मार्ग आहे. म्हणून रस्त्याकडच्या गॅलरीतली पालेभाजी वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवावी, बाहेरची जून पाने टाकून द्यावीत आणि तिथे शक्यतो शेंगा-फळे देणारी झाडे लावावीत. मातीत हात घालून खेळणाऱ्या लहान मुलांचे हात जेवणापूर्वी धुणे, हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

शेण, पाणी आणि डास

सेंद्रिय म्हणजे जंतुरहित नव्हे. ताज्या शेणात जंतू असतात. ते पूर्ण कुजल्याशिवाय वाफ्यात घालू नये. कच्चे शेण घातल्यास, मातीला टेकणारे पीक काढण्यापूर्वी १२० दिवस जाऊ द्यावेत, असा अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीचा नियम आहे. आपल्याकडेही तो पाळायला हरकत नाही. भाजी धुतलेले, तांदूळ धुतलेले पाणी झाडांना चालते. साबणाचे चालत नाही. पाणी शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी क्षारयुक्त असते; तेच रोज घातले तर मातीत क्षार साठतात आणि पानांच्या कडा करपतात. उन्हाळ्यात एका चौरस मीटरच्या वाफ्याला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागते. ज्या वस्तीत टँकरची वाट पाहावी लागते, तिथे एप्रिल-मे महिन्यांत हंगामी वाफे मोकळे ठेवून फक्त बारमाही झाडे जगवावीत. वाळलेल्या पानांचे दोन-तीन इंच आच्छादन केले, तर त्यांचेही पाणी वाचते. शिवाय कोपऱ्याकोपऱ्यावर पेटवला जाणारा पालापाचोळा धूर होऊन आपल्याच फुप्फुसात जाण्याऐवजी कामी येतो.

कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी हे डेंग्यूच्या डासाचे आवडते घर. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा बशा ओतून, घासून कोरड्या कराव्यात. घासणे महत्त्वाचे, कारण अंडी बशीच्या कडेला चिकटून महिनोन् महिने कोरडी टिकतात. आपल्या शुद्ध भाजीपायी शेजारच्या घरात डेंग्यू जाऊ नये, एवढे भान हवे. आणि माती हाताळणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घेतली आहे ना, हे पाहावे. खुरप्याची छोटी जखमही त्याला पुरते.

वाफा म्हणजे दवाखाना नव्हे

तिसरी समजूत सर्वांत नाजूक. बारमाही वनस्पतींपैकी बऱ्याच आपल्या औषधी परंपरेतल्या आहेत, त्यामुळे गच्चीवरचा वाफा हळूहळू घरगुती दवाखाना होऊ लागतो. सर्दीला गवती चहा आणि आल्याचा काढा, खोकल्याला ओव्याचे पान, यांत कोणाची हरकत नाही. ते अन्नाच्या मापातच घेतले जातात. अडचण सुरू होते ती रोज, महिनोन् महिने, मोठ्या मात्रेत घेण्याने.

करोनाकाळात गुळवेलीचा काढा घराघरांत उकळला. २०२० च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले, ज्यांनी गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि पुढच्या वर्षी देशभरातल्या रुग्णालयांमधून अशा ४३ रुग्णांची नोंद मांडली गेली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही; गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी, असा त्यांचा एक मुद्दा होता. वाद तज्ज्ञांनी सोडवावा. पण घरी वेल लावणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही बाजू एकच गोष्ट सांगतात. पहिली बाजू खरी असेल, तर ही वनस्पती सर्वांना निर्धोक नाही. दुसरी खरी असेल, तर आपल्या कठड्यावर चढलेला वेल नेमका कोणता आहे, हे ओळखणे सोपे नाही. मग वैद्याच्या सल्ल्याशिवाय रोज काढा घेण्याचे समर्थन कोणत्या बाजूने करायचे?

भाज्यांनाही हे लागू आहे. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झालेले अनेक रुग्ण रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिनसारखी औषधे घेतात. पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व या औषधाच्या उलट काम करते. अशा माणसाने पालेभाजी सोडायची नसते, पण वाफा भरात आला म्हणून अचानक रोज वाटीभर पालक सुरूही करायचा नसतो. प्रमाण आठवड्याआठवड्याला सारखे ठेवावे आणि डॉक्टरांना सांगावे. मुतखडा होण्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी पालक, अळू, चुका बेताने खावा. मूत्रपिंडाचा जुना आजार असणाऱ्यांनी शेवग्याचा पाला आणि हिरव्या रसांचे प्रयोग विचारल्याशिवाय करू नयेत, कारण त्यांना पोटॅशियमची मर्यादा असते. कच्च्या पालेभाज्यांच्या रसांची सकाळची फॅशन तर सर्वांनीच आवरती घ्यावी. शिजवलेली भाजी आपल्या पूर्वजांनी काही कंटाळा म्हणून पसंत केली नव्हती.

मागायचे काय?

आता सार्वजनिक प्रश्नाकडे येऊ. केंद्राच्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत २०१५ पासून शेतकऱ्यांच्या मातीची बारा निकषांवर तपासणी होते. नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब, जस्त, लोह आणि असेच काही. शेतीसाठी हे योग्यच आहे. पण त्या यादीत शिसे नाही. खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये किलोमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे नसावे, अशी मर्यादा आहे. म्हणजे पिशवीतल्या खताला नियम आहे. ज्या मातीत ते मिसळायचे, तिच्यातले शिसे मात्र नागरिकाला परवडेल अशा दरात कोणी तपासून देत नाही. ज्यांच्या घरात दोन-तीन वर्षांची मुले आहेत, त्यांच्यासाठी ही उणीव किरकोळ नाही.

म्हणून पहिली मागणी ही, की मोठ्या महापालिकांनी वर्षातून एकदा, पेरणीच्या आधी, वॉर्डवार माती तपासणीची शिबिरे घ्यावीत आणि त्यांत शिशाची तपासणी असावी. महापालिकांकडे प्रयोगशाळा आहेत, शहरात रसायनशास्त्र शिकवणारी महाविद्यालये आहेत. या दोहोंची सांगड घालणे अशक्य नाही. यातून शहराच्या मातीचा नकाशाही तयार होईल आणि तो उद्याने, शाळांची मैदाने, अंगणवाड्या यांनाही उपयोगी पडेल. दुसरी मागणी खताची. उद्यान विभाग गोळा करतो तो पालापाचोळा जाळला किंवा कचराभूमीत टाकला जाऊ नये. त्याचे कंपोस्ट करून, तपासून, नागरिकांना अल्प दरात द्यावे. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा करण्याची जबाबदारी आपल्यावर टाकली आहे. त्याचे फळ आपल्या वाफ्यात दिसले, तर ती सवय अधिक घट्ट होईल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्यांना गच्ची आहे, त्यांना बहुधा भाजीही परवडते. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबातल्या मुलीला रक्तक्षय जास्त गाठतो आणि तिला वाफ्यासाठी जागा नसते. पोषण अभियानात अंगणवाड्यांमध्ये पोषण वाटिका करण्याची तरतूद आहे. शहरांत अंगणवाड्या भाड्याच्या खोल्यांत भरतात, म्हणून ती कागदावर राहते. पण महापालिकांच्या शाळांना आवारे आहेत, आरोग्य केंद्रांना अंगणे आहेत, उद्यानांत शोभेच्या झुडपांना पाणी मिळतेच आहे. त्यांच्या एका कडेला शेवगा, कढीपत्ता, मायाळू, तोंडली, अळू अशी कमी निगराणीत टिकणारी बारमाही झाडे आणि दोन-चार गादीवाफे तपासलेल्या मातीत उभे करायला फार पैसा लागत नाही. लागते ती रोज पाणी घालणारी जबाबदार व्यक्ती आणि मे महिन्याच्या सुट्टीत कोण पाणी घालणार, याचा आधीच ठरवलेला तक्ता. शाळांच्या बहुतेक बागा उन्हाळ्याच्या सुट्टीत मरतात. त्या वाचवायच्या, तर बागेची योजना सुट्टीपासून आखायला सुरुवात करावी.

तोवर ज्यांच्याकडे गच्ची किंवा गॅलरी आहे, त्यांनी थांबायचे कारण नाही. या उन्हाळ्यात एकच लहान वाफा करावा. अभियंत्याला वजन विचारावे, माती कुठली हे विकणाऱ्याला विचारावे, मिश्रण हलके ठेवावे. एका बाजूला कढीपत्ता आणि गवती चहा, दुसरीकडे तांबडा माठ. पहिली कापणी महिन्याभरात होईल. त्या भाजीवर लिंबू पिळावे, उरलेली भाजी मंडईतून आणावी आणि पुढच्या वॉर्ड सभेत नगरसेवकाला विचारावे, की आमच्या वॉर्डातली माती तपासणार कधी?